आधी लगीन बाणकोटचं

निवडणूक लागली की मंडणगडात उमेदवार येतो आणि 'तालुक्यात एक मोठी कंपनी आणतो' असं सांगून जातो. कसली कंपनी, हे तो सांगत नाही. ते कंपनीनं ठरवायचं असतं. रेल्वे खेडवरून जाते, पोरं मुंबईला जातात, त्यामुळे टाळ्या पडतात. आमची तक्रार एवढीच, की अशा भाषणांनी तालुक्याचा अपमान होतो. कंपनी म्हणे अजून यायची आहे! अहो, पश्चिम हिंदुस्थानच्या मुख्य भूमीवर ईस्ट इंडिया कंपनीला पहिला मुलूख मिळाला तो आमच्या बाणकोटात. त्या भूमीवरच्या बाकीच्या मुलखाची पाळी नंतर आली.

आणि कंपनी काही आगंतुक नव्हती. रीतसर आमंत्रण होतं. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. समुद्रावरचं काम कंत्राटानं बाहेर दिलं म्हणा ना. एप्रिलात कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोट. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. म्हणजे मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्याच सांगण्यावरून बुडालं. कार्यक्षमता असावी तर अशी. किल्ल्यातली सुमारे १० लाखांची लूट कंपनीनं परस्पर वाटून घेतली आणि किल्लाही सोडेना. शेवटी ऑक्टोबरात पुण्यात तह झाला : विजयदुर्ग पेशव्यांना परत, बदल्यात बाणकोट आणि आसपासची गावं कंपनीला. बाणकोटच्या हिम्मतगडाचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. राणी व्हिक्टोरिया जन्माला यायला तेव्हा त्रेसष्ट वर्षं अवकाश होता, पण कंपन्यांचं नियोजन दूरचं असतं.

बाणकोटाला लागूनच वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. साडेतीन शहाण्यांतल्या अर्ध्या शहाण्याच्या दारात हा व्यवहार झाला. नाना त्या साली चौदा वर्षांचे होते, तेव्हा त्यांना बोल लावता येत नाही.

त्यानंतर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यानं कंपन्यांचं आगतस्वागत कधी थांबवलं नाही. गुहागरातल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी १९९२ मध्ये समझोता झाला, १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. विजेची ती किंमत परवडणार नाही, असं जागतिक बँक म्हणत होती. पण जागतिक बँकेला कोकणचं काय कळतंय? लोकांना मात्र कळावं म्हणून कंपनीनं हात आखडला नाही. शिक्षण आणि प्रकल्पाची तयारी, एवढ्यावरच सुमारे २ कोटी डॉलर खर्चल्याचं कंपनीच्याच अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. शिक्षण कोणी घेतलं, त्याची हजेरीपटावर नोंद नाही. गुहागरच्या प्राथमिक शाळा तरी त्यात नसाव्यात.

१९९५ मध्ये 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' म्हणत शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्कबाई शिवसेनाप्रमुखांच्या 'मातोश्री'वर जाऊन आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प समुद्रातून वर आला. वर येताना दुसरा टप्पाही पदरात घेऊन आला. खालच्या पाण्यात खतपाणी बरं असावं. मग दिल्लीत तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकायला वेळ मिळाला नाही, पण एन्रॉनची प्रतिहमी मंजूर करायला मिळाला. करार काँग्रेसचा, पुनर्जन्म युतीचा, हमी दिल्लीची. सर्वपक्षीय एकमत म्हणतात ते हेच. प्रकल्पाशेजारच्या वेलदूर-अंजनवेलची माणसं विरोधात होती, पण तो काही पक्ष नव्हे. तिथल्या बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी सोसत होती, असं ह्यूमन राइट्स वॉचनं जानेवारी १९९९ मध्ये लिहून ठेवलं. सरकारी तिजोरीवरचा भार हलका करणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. २००१ मध्ये आधी आपल्या वीज मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात अमेरिकेतली एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. बुडवायचं वचन आम्ही दिलं होतं, पाळलं तिनं.

रिफायनरीचंही तेच. नाणार नको म्हणणाऱ्यांनीच मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीवरून जानेवारी २०२२ मध्ये बारसूची जागा पत्रानं सुचवली, आणि खुर्ची गेल्यावर बारसूत जाऊन लोकांच्या बाजूनं उभे राहिले. खुर्चीवरून सडा दिसतो, खाली उतरलं की सड्यावरची माणसं दिसतात.

या सगळ्यात कंपन्यांना खर्च पडतो, हे आपण विसरतो. कायदा विसरला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात दोन आकडे होते. ठरावीक आकाराच्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्चावेत, आणि राजकीय पक्षांना द्यायचे तर साडेसात टक्क्यांच्या वर देऊ नयेत. २०१७ मध्ये यातली दुसरी मर्यादा काढून टाकली, सोबत निवडणूक रोखे आणले. समाजाला दोनच पुरतात, त्याला कुठे प्रचार करायचा असतो! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रोखे घटनाबाह्य ठरवले आणि याद्या बाहेर आल्या. पहिला नंबर लॉटरीवाल्या कंपनीचा, १३६८ कोटी. लॉटरीत तिकीट काढणारा हरतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी तिनं काढलं.

त्या २ टक्क्यांतून गावोगाव बसायला बाक मिळतात, पाठीवर कंपनीचं नाव ठसठशीत रंगवलेलं. रोख्यांवर मात्र नाव घालायची पद्धत नव्हती.