पाऊण इंचाचा स्क्रू

बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लांबवला. कुठल्याही जिल्ह्याचं वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर ही बातमी असते. गाव बदलतं, तोळे बदलतात, कडीकोयंडा तोच राहतो. अशा घरफोडीत कुलपाला सहसा ओरखडाही नसतो. उपटलेल्या कोयंड्यात ते तसंच लटकत असतं आणि घरमालक पंचनामा करणाऱ्या हवालदाराला सांगत असतो, "साहेब, चांगल्यातलं कुलूप होतं हो."

होतंच. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडची कुलपं सुधारतच आली. लिव्हर वाढले, बनावट किल्ली करणं अवघड झालं, हजार-दीड हजाराचं कुलूप घेताना आता कोणी कचरत नाही. पण ते कुलूप ज्यात अडकवायचं तो कोयंडा धरून ठेवतात पाऊण इंचाचे तीन-चार स्क्रू. सुतार घाईत असेल तर ते पिळून बसवण्याऐवजी हातोडीने ठोकलेले. चौकट हलक्या लाकडाची, दार आतून भुशाच्या फळीचं. कटावणीचे दोन हिसके पुरतात.

चोराला दोन गोष्टी परवडत नाहीत, वेळ आणि आवाज. त्या दोन्ही त्याच्यावर लादणं एवढंच आपलं काम आहे, आणि ते फार थोड्या पैशांत होतं.

कोयंड्याचे स्क्रू काढून टाका. त्या जागी दाराला आरपार भोक पाडा, आतून एक लोखंडी पट्टी ठेवा आणि नटबोल्ट आवळा. बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं बाहेर, नट आत, म्हणजे बाहेरून पाना लावायला जागाच उरत नाही. चौकटीला आरपार जाता येत नसेल तिथे तीन इंची स्क्रू बसवा, आणि हात लागलाच आहे तर बिजागऱ्यांचेही बदला. दोन-अडीचशे रुपयांचं सामान आणि सुताराची मजुरी. घरात राहायला येताना फॉल्स सीलिंगवर लाख रुपये घालणाऱ्या माणसाने हे काम कधीच करून घेतलेलं नसतं, आणि त्याला ते कोणी सुचवलेलंही नसतं. इंटिरियर करून देणाऱ्याने सुचवायला हवं होतं.

जुन्या वाड्यांना अडसर असायचा. भिंतीतल्या खोबणीतून दारामागे आडवा सरकणारा जाड लाकडी दांडा. बाहेरून कितीही धक्के मारा, जोर भिंतीवर जातो. आत उघडणाऱ्या आजच्या दारालाही तो करता येतो: दोन्ही बाजूंच्या भिंतींत दोन भक्कम लोखंडी आकडे आणि त्यांत टाकायला एक दांडा. रात्री एकट्या झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी मला हा दांडा कॅमेऱ्याच्या आधी हवा आहे.

आता त्याच दाराची बाहेरची बाजू बघा. तिथे एक कडी असते. घरफोड्यांच्या बातम्यांत आणखी एक तपशील पुन्हा पुन्हा येतो: चोरी करण्याआधी चोरट्यांनी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या लावून घेतल्या. म्हणजे आवाज झाला, शेजारी जागे झाले, तरी कोणाला बाहेर पडता येऊ नये. दाराला आतून-बाहेरून चालणारं लॅच किंवा मॉर्टिस लॉक असेल तर ही बाहेरची कडी कशासाठी ठेवली आहे? ती काढून टाकायला एक रुपयाही लागत नाही. मजल्यावरच्या चारही घरांनी काढली, तर कोणालाच कोंडता येणार नाही. बाहेर लटकणारं कुलूपही तसंच. घरात कोणी नाही हे ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं. दारात बसवलेलं कुलूप असेल तर घरात माणूस आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

सोसायट्यांच्या कारभाराबद्दल थोडं कडक बोलतो. सर्वसाधारण सभेत सुरक्षेचा विषय निघाला की ठराव कॅमेऱ्यांचा होतो. सोळा कॅमेरे, मोठा पडदा, वर्षाचा देखभाल करार. कॅमेरा तपासाला मदत करतो, हे खरं. पण तोंडाला रुमाल बांधलेला माणूस रात्री अडीच वाजता जिना चढतो, तेव्हा पडद्यासमोर कोणीही नसतं. रात्रपाळीचा रखवालदार बारा तासांच्या ड्युटीने पेंगत असतो. चित्रण बघितलं जातं ते चोरी झाल्यावर. त्या सोळांतल्या एका कॅमेऱ्याच्या पैशांत इमारतीतल्या कितीतरी घरांचे कोयंडे आरपार बोल्टने आवळून झाले असते. हा ठराव मांडणारा सभासद मला अजून भेटायचा आहे.

खिडक्यांकडे तर आपण बघतही नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचं तावदान बाहेरून वर उचलून रुळातून काढता येतं. खालच्या रुळात मोजून कापलेली लाकडी पट्टी टाकली की ते सरकत नाही, आणि वरच्या रुळात एखादा स्क्रू थोडा खाली उतरवून ठेवला की ते उचलताही येत नाही. न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या एकेक करून निघतात. मागे पाण्याचा पाइप असेल तर तिथे गज हवेतच. खिडकीची जाळी बाहेरून चौकटीला स्क्रूने बसवलेली असेल तर ते स्क्रू वेल्डिंगवाल्याकडून डाग देऊन बंद करून घ्या. पण एक गोष्ट विसरू नका: आग लागली तर तीच जाळी तुम्हाला आत अडकवते. एका तरी खिडकीच्या जाळीला उघडणारा भाग हवा, त्याची किल्ली अंधारात हाताला लागेल अशी पण बाहेरून हात घालून पोहोचणार नाही अशी ठेवलेली हवी, आणि घरातल्या लहान मुलालाही ती जागा माहीत हवी. चोराच्या भीतीने स्वतःला पिंजऱ्यात कोंडून घेण्यात शहाणपण नाही.

किल्लीवरून आठवलं. चौकटीवर, पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात किल्ली ठेवू नका. या जागा सगळ्यांना माहीत आहेत. दारात साचलेली दुधाची पिशवी आणि तीन दिवसांची वर्तमानपत्रंही घर रिकामं असल्याचं सांगतात. गावाला जाताना ती बंद करा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि घरातल्या दागिन्यांचे फोटो व पावत्या वेगळ्या जागी जपा, कारण ऐवज परत मिळाला तर तो तुमचाच आहे हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

चोरी झाली की आपल्या समाजाला एक वाईट खोड आठवते. पहिला संशय घरकाम करणाऱ्या बाईवर, दुसरा रखवालदारावर, तिसरा गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या पारध्यांवर. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं; सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं जायचं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आपल्या डोक्यातून तो गेलेला नाही. रोज घरात येणाऱ्या बाईची पिशवी गेटवर तपासायची आणि स्वतःच्या दाराचे स्क्रू तपासायचे नाहीत, याला सुरक्षा म्हणू नये. तो अपमान आहे, आणि त्याने एकही दार मजबूत होत नाही.

हे सगळं प्रत्येकाने आपापलं बघावं, असंही मला वाटत नाही. नेदरलँड्सने 1999 मध्ये इमारतींच्या नियमांतच ही गोष्ट घातली. नव्या घरांची दारं-खिडक्या घरफोडीला ठराविक वेळ दाद न देणारी असलीच पाहिजेत, असं बंधन घातलं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा त्या नियमाने बांधलेल्या घरांतल्या चोऱ्या सुमारे पाव हिश्शाने कमी झालेल्या दिसल्या. आपल्याकडे फ्लॅटचा ताबा देताना बिल्डर लॉबीतला संगमरवर आणि जिमची यंत्रं दाखवतो. मुख्य दाराची चौकट कशाची आहे आणि कोयंडा कशाने बसवला आहे, हे विचारणारं गिऱ्हाईक उभं राहिलं, तर उत्तरही तयार होईल. ताबा घेण्याआधी विचारा.

आणि शेजार. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ किर्कहोल्ट नावाची सव्वादोन हजार घरांची वस्ती आहे. साधी, सरकारी, भाड्याची घरं. 1980च्या दशकाच्या मध्यावर घरफोड्यांनी ती बेजार होती. तिथे काम करणाऱ्या संशोधकांना आणि पोलिसांना एक गोष्ट आढळली: एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतर घरांच्या चौपट होती. चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही माहीत असतं. मग त्यांनी सगळा जोर त्या घरांवर लावला. चोरी झालेल्या घराची दारं-खिडक्या लगेच पक्की करून दिली. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढून टाकले, कारण चोर ते फोडून त्यातली रोकड नेत असत. आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना जाऊन विचारलं, तुम्ही या घराकडे लक्ष ठेवाल का? लोक हो म्हणाले. तीन वर्षांत वस्तीतल्या घरफोड्या सुमारे पाऊण हिश्शाने घटल्या.

हे आपल्याला परकं नाही. गावगाड्यात रात्री फिरणारा जागल्या होता. आज नाशिक, नगर, पुणे भागातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका गावकऱ्याने फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम वाजतो. शहरात आपण समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचा नंबर घेतलेला नसतो. आधी तो घ्या. गावाला जाताना त्यांना सांगून जा, आणि त्यांच्या मागे त्यांच्या दाराकडे दिवसातून एकदा बघा. पोलीस ठाण्यातही कळवा. काही संशयास्पद दिसलं तर स्वतः अंगावर जाऊ नका, 112 फिरवा आणि जिन्यातले दिवे लावून आरडाओरडा करा.

इमारतीत एखाद्याकडे चोरी झाली तर आपण काय करतो? दोन दिवस हळहळतो, कुजबुजतो, आणि तोच सुतार तसाच कोयंडा तितक्याच लांबीच्या स्क्रूने पुन्हा बसवून जातो. असं करू नका. पंचनामा आटोपला की त्याच संध्याकाळी त्या घरात ड्रिल चाललं पाहिजे, आरपार बोल्ट बसले पाहिजेत. बिल सोसायटीने भरावं. आणि पहिले काही आठवडे त्या घरातल्या माणसांना रात्री झोप लागत नाही, म्हणून शेजारच्या कोणीतरी त्यांच्याकडे झोपायला जावं.