कोऱ्या जागेची किंमत

वर्तमानपत्रातली जाहिरातीची जागा चौरस सेंटिमीटरच्या दरानं विकली जाते. मग ती कोरी कशी सोडायची? म्हणून साड्यांच्या सेलच्या जाहिरातीत लाल-पिवळी पार्श्वभूमी, चार वळणांची अक्षरं, ‘५०% सूट’ची चांदणी, मालकांचा हसरा फोटो आणि उरल्या कोपऱ्यात सगळ्या शाखांचे पत्ते. सगळंच ठळक, त्यामुळे नजरेत काहीच भरत नाही.

१९५९मध्ये अमेरिकेत हेल्मुट क्रोन या कलादिग्दर्शकानं फोक्सवॅगन बीटलसाठी नेमकं उलटं केलं. जवळजवळ कोरं पान, वर डावीकडे इवलीशी गाडी, तळाशी मथळा आणि मजकूर. नजर सरळ गाडीवरच जाते!

१९९९मध्ये ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकानं ही जाहिरात-मोहीम विसाव्या शतकातली सर्वोत्तम ठरवली.

शेठ, तेवढा तुमचा फोटो काढून टाकाच. गिऱ्हाईक साडी बघायला येणार आहे, तुम्हाला नव्हे.