अवजारांची आवड
हौशी सुतारांच्या जगात रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करणारे अवजार, अमेरिकेतील मेन राज्यातल्या ली-निल्सन कारखान्याचा, ब्राँझचा असावा आणि करवत जपानी, म्हणजे ढकलताना नव्हे तर ओढताना कापणारी, असावी असा दंडक असून, त्यांनी घडवायचे काय हा प्रश्न गौण मानला जातो. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर मुंबईत करी रोडला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत या उपासनेस आदर्श वातावरण लाभावे; कारण भुसा सांडलेला तेथे बहुधा कोणालाच खपत नसल्याने, वापराने जाणारी पात्याची धार अक्षय राहते. शेजारी लालबागेत गणपतीचा मांडव उभारणारा सुतार मात्र घासून निम्म्या उरलेल्या पटाशीवर, म्हणजे खाचा पाडण्याच्या छिन्नीवर, भागवतो. त्याला अवजारांची आवड नसावी.