वेलचीचे गुणधर्म

आजची पिढी अभ्यास करत नाही, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी शनिवारी मध्यरात्रीनंतर पुण्यातल्या एखाद्या पबच्या पार्किंगमध्ये जाऊन उभं राहावं. तिथे रसायनशास्त्राचा असा परिसंवाद रंगलेला असतो की विद्यापीठाने मान खाली घालावी. वेलची बरी की बडीशेप? कच्चा कांदा चावला तर पोलिसांचं श्वास तपासायचं मशीन फसतं का? टूथपेस्ट गिळायची की नुसती चोळायची? एक ज्येष्ठ संशोधक (तिसरं वर्ष, मेकॅनिकल, चार बॅकलॉग) जिभेखाली नाणं धरण्याची शिफारस करतात. त्यांच्या मावसभावाचा अनुभव आहे म्हणे.

एवढ्या ज्ञानसाधनेत एक किरकोळ गोष्ट राहून जाते. ते यंत्र तोंडाचा वास घेत नाही. ते फुफ्फुसाच्या खोलातून आलेली हवा मोजतं आणि त्या हवेत अल्कोहोल येतं ते रक्तातून. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वेलची खाल्लेल्याला यात काहीही सवलत नाही. फक्त पंचनामा सुवासिक होतो.

दुसरी शाखा उताऱ्याची. लिंबू पिळा, काळी कॉफी घ्या, तोंडावर पाणी मारा, 'जरा उलटी काढून ये रे'. यकृत हे सगळं शांतपणे बघत असतं. शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला दहा-पंधरा मिलिग्रॅम, हा त्याचा ठरलेला वेग. चहापाणी दिलं तरी फाईल पुढे न सरकवणारी महाराष्ट्रातली ही बहुधा एकमेव कचेरी. नव्वदवर पोचलेल्या गड्याला तीसवर उतरायला चार ते सहा तास लागतात आणि तो वीस मिनिटांत सरबत पिऊन 'एकदम ओके' झालेला असतो. शिवाय शेवटचा पेग रक्तात पुरता मिसळायला वेळ घेतो. टेबलावर ताठ बसलेला माणूस नेमका पुढच्या चौकात झुलायला लागतो, तो त्यामुळे.

'मला चढत नाही' हे आपल्याकडे पौरुषाचं प्रमाणपत्र आहे. ज्याने त्याने स्वतःच स्वतःला द्यायचं. हे प्रमाणपत्र गाडीला मात्र दाखवता येत नाही. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर कापते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला की आठ मीटर गेले. रस्ता ओलांडणाऱ्या बाईला या आठ मीटरांची कल्पना कुणी दिलेली नसते.

सरकार गाफील आहे, असंही नाही. गाडीला अठरा वर्षं, बिअर-वाइनला एकवीस, कडक दारूला पंचवीस, आणि प्यायला परवाना वेगळा. हा परवाना घेतलेला मनुष्य कुणी पाहिला असल्यास त्याचा जाहीर सत्कार करावा. नियम असे शिस्तीत रांगेत उभे असताना 19 मे 2024 ला पहाटे पुण्याच्याच कल्याणीनगरमध्ये एका पोर्शेने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी. पोर्शे चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे प्यायलेला होता. गाडीची कायम नोंदणी झाली नव्हती, कारण 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींपैकी एक अट तीनशे शब्दांच्या निबंधाची. दोन माणसं, तीनशे शब्द. माणशी दीडशे. लोक खवळल्यावर निर्णय फिरला. मग मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. पार्किंगमधली पोरं वेलचीवर अडली होती, थोरांचं संशोधन थेट रक्तापर्यंत गेल्याचा आरोप आहे. संस्कार वरून खाली येतात, ते असे.

आता परत पार्किंगमध्ये येऊ. ग्रुपवर नाकाबंदीची ताजी खबर आलेली आहे: पुलावर उभे आहेत, आतल्या गल्लीने या. साडेचार हजारांचं बिल मंडळींनी हसत हसत भरलंय, टिपसुद्धा ठेवलीय. रिक्षावाला मात्र हाफ रिटर्न मागतो आणि सगळ्यांमधला जागरूक ग्राहक खडबडून उठतो. 'लूट आहे ही! शंभर रुपये जास्त?' कॅबचे दर पावणेदोन पट झालेत, तोही अन्यायच. तत्त्वाचा प्रश्न येतो तिथे मराठी माणूस मागे हटत नाही.

या घोळक्यात एक जण प्यायलेला नाही. रात्रभर त्याने लिंबूपाणी घेतलं, शेंगदाणे संपवले आणि 'औषध चालू आहे का रे?' 'उपास आहे का रे?' 'घरी सांगून आलास ना?' हे सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडे लायसन आहे, डोळे उघडे आहेत, दोन्ही पायांवर सरळ उभा आहे. तो हात पुढे करून म्हणतो, 'आण किल्ली, मी सोडतो सगळ्यांना.'

गाडीचा मालक दाराला टेकून उभा आहे. कुलपाचं भोक त्याला दोनदा हुकलंय. तो किल्ली छातीशी धरतो.

'वेडा आहेस का? नवीन गाडी आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे रिस्क आहे, भाई.'