चाळकऱ्यांसाठी हरितगाडी प्रवेशिका

ही प्रवेशिका गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर येथील होतकरू गाडीवाल्यांसाठी आहे. पात्रतेच्या अटी तीन: वाहन चालवण्याचा परवाना हवा, कर्ज निदान तोंडी मंजूर हवे आणि घरातल्या ज्येष्ठांनी "पण गाडी ठेवणार कुठे?" असे एकदा तरी विचारलेले हवे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे तयार आहे, त्यांना ही पुस्तिका लागू नाही.

धडा 1 : ओळख

पर्यावरणपूरक गाडी ओळखणे सोपे आहे. पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असली, तर ती खाजगी विजेची गाडी. अक्षरे पिवळी असली, तर विजेवर चालणारी भाड्याची. पाटी पांढरीच असून मालक मायलेजबद्दल न विचारता बोलू लागला, तर ती हायब्रिड. मालक बोलत नसून पंपाच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगत असला, तर सीएनजी.

धडा 2 : सीएनजी

हा दक्षिण मुंबईचा जुना परिचित. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी डिझेल सोडून हा वायू धरला. त्याची काजळी जवळजवळ नाही आणि कार्बनही पेट्रोलपेक्षा कमी. पण तोही जमिनीखालूनच येतो, तेव्हा पुण्याचा हिशेब मांडताना अर्धेच गुण लावावेत.

कृती: प्रथम रांग शोधा, पंप तिच्या दुसऱ्या टोकाला असतो. नंबर आला की गाडीतल्या सर्वांना खाली उतरवा, गुडघे धरलेल्या आजींनाही. टाकीत वायू वातावरणाच्या सुमारे 200 पट दाबाने कोंबला जातो, त्यामुळे येथे वशिला चालत नाही. त्याच टाकीची दर 3 वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते.

डिकीत टाकी असते, म्हणून गणपतीला कोकणात जाताना सामान मांडीवर घ्यावे. अलीकडे काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात. अशी गाडी घेतल्यास मांडीवर फक्त भाचा येईल.

सूचना: नोव्हेंबर 2025 मध्ये आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबईभर टॅक्सी-रिक्षा पंपांवर अडकल्या. पर्यायी इंधन घेणाऱ्याने त्याचाही पर्याय मनात ठेवावा.

धडा 3 : वीज

विजेच्या गाडीला धूर नाही, आवाज नाही आणि गिअरही नाही. उणीव एकच, तिला रोज रात्री जेवायला घालावे लागते. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगमधून तासाला 3 युनिटांच्या आसपास वीज जाते. बॅटरी 30 युनिटांची असेल तर पूर्ण रात्र गेली. प्लग तिसऱ्या मजल्यावर, गाडी वाडीच्या तोंडाशी.

येथे नवशिके एक घोडचूक करतात. ते गॅलरीतून वायर खाली सोडतात. तसे करू नये. पहिल्या मजल्यावरच्या काकू तिच्यावर टॉवेल वाळत घालतील आणि रविवारच्या सभेत गाडीचे बिल जिन्यातल्या दिव्याच्या मीटरवर पडते का, यावर दोन तास चर्चा होईल. त्यापेक्षा सार्वजनिक वाहनतळ गाठावा. दादरला कोहिनूरच्या वाहनतळात 2022 मध्ये चार्जिंगची सोय झाली आहे. गाडी तेथे लावून घरी चालत यावे. प्रकृतीलाही बरे.

पुढचा परिच्छेद शोरूममध्ये वाचून दाखवत नाहीत. धूर नाहीसा होत नाही, त्याची बदली होते. मुंबईची बरीच वीज ट्रॉम्बे आणि डहाणूला कोळसा जाळून येते. म्हणजे ठाकूरद्वारचा धूर डहाणूच्या चिकूवाडीकडे गेला. तरीही हिशेब विजेच्याच बाजूने लागतो. पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा नुसत्या उष्णतेत घालवते, विजेची मोटर बहुतेक ऊर्जा चाकाला देते. फक्त "माझी गाडी शून्य प्रदूषणाची" हे वाक्य डहाणूच्या पाहुण्यांसमोर म्हणू नये.

धडा 4 : हायब्रिड

ज्यांना धड निर्णय घेता येत नाही त्यांच्यासाठी. हिच्यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. प्लग लावावा लागत नाही, ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जमा होते. मोकळ्या महामार्गावर हिचा फायदा बेताचा. परळ ते दादर हे अंतर ब्रेकवरच कापावे लागत असल्याने हिच्यासाठी याहून योग्य रस्ता जगात नाही. जितकी कोंडी, तितकी बचत.

धडा 5 : ऊस आणि हायड्रोजन

इथेनॉलवर चालणारी गाडी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. तुम्ही ती घेतलेलीच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज थोडे घसरते. दिलासा इतकाच की ते पैसे आखाताऐवजी काही अंशी उसाच्या फडाकडे जातात. उसाला पाणी किती लागते, हे मराठवाड्यातल्या सासुरवाडीला विचारू नये.

हायड्रोजनच्या गाडीतून फक्त पाण्याची वाफ निघते. मार्च 2022 मध्ये नितीन गडकरी अशा गाडीतून संसदेत गेले होते. तुम्हाला संसदेत जायचे नसेल तर हा धडा गाळावा.

धडा 6 : इतिहास (ऐच्छिक, पण वगळू नये)

7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. त्याआधी 1874 पासून ट्राम घोडे ओढत होते. 1915 पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली, म्हणजे सह्याद्रीतल्या पावसावर गिरणगावात माग फिरले. 1925 मध्ये कुर्ल्यापर्यंत विजेची लोकल आली. 1962 मध्ये वरच्या तारेवर चालणाऱ्या ट्रॉलीबसही आल्या.

मग शहराची प्रगती झाली. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, 1971 मध्ये ट्रॉलीबसही संपल्या आणि रस्ते धुराच्या गाड्यांना मोकळे मिळाले. 2023 मध्ये बेस्टने विजेची दुमजली बस रस्त्यावर आणली, तेव्हा लोकांनी नवे युग म्हणून तिच्यासोबत फोटो काढले.

यावरून विद्यार्थ्याने एवढे ध्यानात घ्यावे की या वर्गात नवशिके तुम्ही एकटे नाही. शहर एकदा उत्तीर्ण होऊन, धडा विसरून पुन्हा पहिल्या बाकावर बसले आहे. फरक एवढाच की तेव्हाची वीज सगळ्यांना मिळून एका डब्यात बसवत होती, आताची प्रत्येकाला वेगळा डबा घ्यायला सांगते. इंधन कोणतेही भरा, डबा रस्त्यावर तेवढीच जागा अडवतो.

सराव परीक्षा

प्रश्न 1. तुमच्या बॅटरीचे कवच 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकते. हिंदमाताला पाणी तुंबले आहे. ते किती मिनिटांत ओसरेल? (अंदाजाला गुण नाहीत.)

प्रश्न 2. लालबागच्या गल्लीत मंडपाचे बांबू उतरले. तुमची गाडी नेमकी तेथे आहे. महिनाभर ती कोठे ठेवाल? ("मेहुण्याकडे" हे उत्तर मेहुण्याच्या सहीशिवाय ग्राह्य नाही.)

प्रश्न 3. जागा जाईल या भीतीने तुमची गाडी आठवड्यातून सहा दिवस हलत नाही. उभ्या गाडीसाठी सर्वांत पर्यावरणपूरक इंधन कोणते?

35 गुण मिळवणाऱ्यांनी गाडी बुक करावी. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांनी बुकिंगचे पैसे परत आणायला शोरूमला जावे. जाताना बस पकडावी.