बर्फ पडलाच पाहिजे

नाताळवर कादंबरी लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाच्या नशिबी एक खास सुतक असते. पुस्तक टीव्हीला विकले जाते, पैसे बँकेत जमा होतात आणि मग एका संध्याकाळी त्याला पडद्यावर आपलीच नायिका ओळखू येईनाशी होते. त्याने तिला विधवा केलेले असते. पडद्यावर तिचा नुसता साखरपुडा मोडलेला असतो. त्याने गोष्ट घडवलेली असते बंद पडलेल्या कारखान्याच्या गावात. पडद्यावरच्या गावात बेकरी आहे, पण बेकारीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुस्तकात मध्यावरच वारलेले आजोबा चित्रपटाच्या शेवटी झाडाखाली उभे राहून खणखणीत आवाजात गातात. मग लेखक ‘माझ्या पुस्तकाचा खून झाला’ म्हणून गळा काढतो. ही तक्रार तपासली तर टिकत नाही, असे आमचे नम्र मत आहे. सणासुदीच्या कादंबरीचे मूळ लेखक कॅलेंडर असते आणि टीव्हीवाले त्या मूळ लेखकाशी पुरेपूर इमान राखतात. तक्रार करणारे गृहस्थ फार तर लेखनिक.

पुराव्याची सुरुवात थेट डिकन्सपासून करावी लागते. ‘अ ख्रिसमस कॅरल’ लंडनमध्ये १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या ६,००० प्रती संपल्या. तारीख पाहा. हे पुस्तक जानेवारीत आले असते तर भुतांनी गोष्टीतल्या कंजूष म्हाताऱ्याला सुधारून काय उपयोग होता? त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, हेन्री कोल नावाच्या उद्योगी गृहस्थाने नाताळचे पहिले विक्रीचे शुभेच्छापत्र छापून घेतले, एक शिलिंगाला एक. म्हणजे नाताळची गोष्ट आणि नाताळचे कार्ड ही जुळी भावंडे. पुढे काय झाले तेही डिकन्सच्याच बाबतीत पाहून घ्यावे. १८४४च्या फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर या गोष्टीचे निरनिराळे प्रयोग एकमेकांशी स्पर्धा करत होते आणि लेखकाची संमती त्यांतल्या एकालाच होती. पुस्तकाची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांना त्याने कोर्टात खेचले. खटला जिंकला. चोरांनी दिवाळे काढले आणि कोर्टखर्चाचे सुमारे ७०० पौंड जिंकलेल्या लेखकाच्याच बोकांडी बसले. आजच्या लेखकाला निदान रूपांतराचा चेक मिळतो, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

पुढचे पुरावे अमेरिकेतले. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांची एक कथा कोणी छापेना, तेव्हा त्यांनी तिच्या २०० प्रती स्वतः छापून १९४३च्या नाताळात कार्डाऐवजी मित्रमंडळींना पाठवल्या. आरकेओ या चित्रपट कंपनीने १०,००० डॉलर मोजून ती घेतली आणि १९४६ साली तिच्यावरून ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ निघाला. तो तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ मध्ये कॉपीराइटचे नूतनीकरण करायचे राहून गेले, टीव्ही वाहिन्यांना चित्रपट फुकटात लावता येऊ लागला आणि फुकटचे सापडताच त्यांना तो अजरामर वाटू लागला. रिचर्ड पॉल इव्हान्स यांनी आपल्या मुलींसाठी लिहिलेल्या ‘द ख्रिसमस बॉक्स’च्या आधी जेमतेम २० प्रती काढल्या होत्या, पण १९९५ मध्ये सीबीएसवर त्याचा चित्रपट आला. या दोन्ही गोष्टी मुळात भेटवस्तूच होत्या. भेटवस्तूला वेष्टन घातले म्हणून आतल्या मजकुराचा अपमान होतो, हा युक्तिवाद जरा अवघड आहे.

आणि वेष्टन घालणारे कोण? हॉलमार्क. १९१० साली कॅन्सस सिटीत कार्डे विकायला निघालेली कंपनी. टीव्हीवर तिचे नाव झाले ते २४ डिसेंबर १९५१ला, नाताळच्या आदल्या रात्रीच्या एका ऑपेराने. २००९ पासून तिच्या वाहिनीवर ‘काउंटडाउन टु ख्रिसमस’ चालते. ते आता ऑक्टोबरातच सुरू होते आणि काही वर्षी तर त्यात नवे चित्रपटच चाळीसच्या घरात असतात. एवढा माल डिसेंबरात तयार होत नसतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात भर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत एक चित्रपट उरकतात. जुलैच्या उन्हात नायक लोकरी कोट, मफलर आणि हातमोजे घालून उभा असतो, कपाळावरचा घाम टिपायला रंगभूषाकार धावतो, हिरवळीवर फेस आणि कापूस अंथरून बर्फ केलेला असतो, आणि नायिका थंडीने कुडकुडत रिकाम्या कागदी पेल्यातून गरम कोको पिते. दोन तासांच्या वेळेत गोष्टीला मिळतात सुमारे ८४ मिनिटे, बाकीची जाहिरातींना. जाहिरात लागली की प्रेक्षक स्वयंपाकघरात जाऊन ओव्हनमध्ये डोकावणार, भेटवस्तूंना चिकटपट्टी लावणार आणि परत येणार. त्याला काय चुकले ते विचारावे लागता कामा नये. अशा कार्यक्रमात आजोबांना मारून कसे चालेल? आजोबा मेले तर पुढच्या जाहिरातीतला दागिना कोण घेणार? आपल्याकडेही ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून लेखकमंडळी घामाघूम होऊन फराळाच्या कथा लिहीत आली आहेत, तेव्हा ही अडचण मराठी वाचकाला फोडून सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो ट्रुमन कपोटींचे नाव घेऊन. त्यांची ‘अ ख्रिसमस मेमरी’ १९५६ची. १९६६ मध्ये एबीसीने ती दाखवली, निवेदन खुद्द कपोटींच्या आवाजात, आणि शेवटची ताटातूट कोणी पुसली नाही. आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो खिशात घालत नाही. पण तेव्हा सणाला एखादा चांगला कार्यक्रम पुरत असे, आज चाळीस लागतात. एक करायचा तर कपोटी परवडतात, चाळीस करायचे तर साचाच लागतो. दुसरे नाव येते अर्ल हॅमनर यांचे. त्यांची ‘द होमकमिंग’ १९७०ची; पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबरला, सीबीएसवर तिचा चित्रपट आला. पटकथा त्यांची, निवेदनाचा आवाजही त्यांचाच. म्हणजे लेखक सेटवर असला तर सगळे जिथल्या तिथे राहते? कुटुंबाचे आडनाव पुस्तकात स्पेन्सर होते, टीव्हीवर वॉल्टन झाले. त्याआधी त्यांच्याच ‘स्पेन्सर्स माउंटन’वरचा १९६३चा चित्रपट तर व्हर्जिनियाचे डोंगर सोडून थेट वायोमिंगला गेला होता. हॅमनर यांनी मात्र सुतक पाळले नाही. त्यातूनच निघालेली ‘द वॉल्टन्स’ ही मालिका १९७२ पासून १९८१ पर्यंत चालली आणि शेवटपर्यंत निवेदन तेच करत राहिले. आडनाव गेले, आवाज राहिला. सौदा वाईट नव्हता.

दुसरा आक्षेप वाचकाच्या वतीने केला जातो: पुस्तक वाचलेल्याची फसवणूक होते. कसली फसवणूक? डेबी मॅकोंबर यांची ‘मिसेस मिरॅकल’ १९९६ची, हॉलमार्कने तिच्यावर चित्रपट केला तो २००९ मध्ये. पुढचा भाग ‘कॉल मी मिसेस मिरॅकल’ २०१० मध्ये आला, आणि पुस्तक व चित्रपट दोन्ही त्याच वर्षी. कोण कोणाचे रूपांतर, हे विचारायलाही सवड नव्हती. या बाईंनी कॅलेंडर कोणाच्या मालकीचे आहे ते ओळखले आणि त्याच्याशी भांडण उकरून काढले नाही. पुस्तकात चुंबन कधी येते याची वाचकाला पर्वा असती तर ते शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलण्याला त्याने कधीच हरकत घेतली असती. तो हरकत घेत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा टीव्ही लावतो, आणि जमलेच तर दुकानातून पुस्तकही आणतो, ज्याच्या मुखपृष्ठावर आता नट-नटीचे छायाचित्र असते. लेखकाला यात अपमान दिसतो. प्रकाशकाला नवी आवृत्ती दिसते.

तेव्हा आजोबा, बेकरी, विधवा, बर्फ या चारही मुद्द्यांवर लेखकाची तक्रार आम्ही फेटाळतो. विचारात घेण्याजोगी बाब एकच उरते: मूळ लेखकाचे नाव पडद्यावर येते तेव्हा ते वाचण्याइतका वेळ टिकावे. पुढचा करार करणाऱ्यांनी नायिकेच्या वैधव्यासाठी भांडण्याऐवजी एवढे एक कलम लिहून घ्यावे, आणि सही करण्याआधी रकमेतली शून्ये मोजावीत.