कायमच्या भुवयांचे पथ्य
ओळीने बसवलेल्या बारीक सुयांनी भुवईच्या त्वचेत केसासारख्या रेघा कोरून रंग भरण्याच्या क्रियेला, म्हणजे मायक्रोब्लेडिंगला, ‘कायमस्वरूपी’ रंगभूषा म्हणतात. हा कायमपणा साधारण महिना-दीड महिन्यात दुसरा हात मागतो आणि वर्ष-दोन वर्षांत फिकाही पडतो. रोजच्या पेन्सिलीचा जाच सुटावा म्हणून पैसे मोजणाऱ्या व्यक्तीस पहिले आठ-दहा दिवस घाम, ऊन, वाफ आणि अर्थातच पेन्सिलही वर्ज्य असते, आणि भुवया कोरड्या ठेवून उरलेले तोंड धुण्याची कसरत साधली, तरी पुढे धरणारी खपली कितीही खाजली तरी नखाने काढता येत नाही, कारण तिच्यासोबत रंगही निघून येण्याची धास्ती असते. अशा वेळी ‘थोडी हळद लाव’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना कसे आवरावे, याबद्दल मात्र पार्लरचे सूचनापत्रक मौन पाळते.